मासे मरण्याआधीचं पाणी तपासा

महोदय,

उन्हाळा आला की पंचगंगेत मासे मेल्याची बातमी ठरलेली. काठावर पांढऱ्या पोटांचा खच, नाकाला रुमाल लावलेली माणसं, मग पाण्याचे नमुने. तोवर ज्या पाण्यानं मासे मारले ते नृसिंहवाडीच्या वाटेला लागलेलं असतं.

मी करवीर तालुक्यात मत्स्यबीज वाढवतो. तळ्यात जिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली माशांची पिल्लं, सोडण्याआधी आम्ही ५० लिटर पाणी बारीक जाळीतून गाळतो आणि उरलेलं काचेच्या नळीत घेऊन चिमूटभर मीठ टाकतो. तळाशी दीड-दोन मिलिलिटर साका बसला, की जिऱ्यांच्या खाण्याची सोय झाली. मीठ टाकण्याआधी नळी उन्हात धरून भिंगातून बघा: डॅफ्निया झटके देत वर-खाली करत असतात. हेच प्राणी-प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव. ते कमी असतील तर शेणखत टाकून थांबायचं. ‘आधी सोडू, मग बघू’ म्हणणाऱ्याच्या हाती बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढलेली पिल्लं, लागत नाही.

समुद्रावरचे संशोधक वेगळं काय करतात? ब्रिटिश सागरशास्त्रज्ञ ॲलिस्टर हार्डी यांनी बनवलेलं यंत्र १९३१ पासून मालवाहू जहाजांमागे ओढलं जातंय; आतल्या रेशमी पट्टीवर प्लवंग गोळा होतात. इतकी वर्षं एकाच पद्धतीनं नोंदी ठेवल्या, म्हणून तर थंड पाण्यातले कोपेपॉड नावाचे प्राणी-प्लवंग उत्तरेला सरकल्याचं आणि त्याचा फटका ते खाणाऱ्या कॉड माशाच्या पिल्लांना बसल्याचं कळलं. आपला बंगडाही प्लवंगांवरच जगतो. बाजारात एकदा त्याचा कल्ला उचलून पाहा, आत कंगव्यासारखे लांब, दाट दाते दिसतील. पाणी त्यातूनच गाळलं जातं.

नदीत सांडपाणी वाढलं की डॅफ्नियासारखे जीव हटतात आणि रोटिफर नावाचे त्याहून बारीक प्लवंग माजतात. हा बदल मासे तरंगायच्या आधी दिसू शकतो, पण बघणार कोण? प्रयाग चिखली, राजाराम बंधारा, रुकडी, तेरवाड या ठिकाणी दरमहा एकाच मापाच्या जाळीनं नमुने घ्यावेत. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे सहज जमेल. सूक्ष्मदर्शक तर महाविद्यालयांत आहेतच, तेही बहुतेक कपाटात. नोंदवही मात्र दर परीक्षेनंतर रद्दीत जाता कामा नये.

आणि आपल्या बातमीदारांनी पुढच्या खेपेला अधिकाऱ्यांना ऑक्सिजनच्या आकड्यासोबत गेल्या महिन्यातले प्लवंगही विचारावेत.

– एक मत्स्यबीज उत्पादक, ता. करवीर, जि. कोल्हापूर