रविवार तरी मुलांचा राहू द्या

संपादक महोदय, नमस्कार.

हायस्कूलची मुलं वीकेंड फुकट घालवतात, नुसती लोळतात नि मोबाईल बघतात अशी तक्रार सारखी ऐकू येते म्हणून लिहितोय. माझी मुलगी नववीत आहे, शनिवारी उशिरा उठते, आधी मी पण चिडायचो, पण १३ ते १८ वयाला रोज ८ ते १० तास झोप लागते असं झोपेचे डॉक्टर सांगतात आणि शाळा, क्लास, होमवर्क यात आठवडाभर ती मिळते कुठे?

उठल्यावर जुन्या जीन्सवर रंगीत दोऱ्याने काहीतरी भरत बसते, वहीच्या कव्हरवर स्वतःच्या स्टाईलची अक्षरं काढते. मध्ये केस एका बाजूने एकदम बारीक कापून आली तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता. मला ते केस अजूनही आवडत नाहीत, पण ते तिचे आहेत. पाच दिवस तोच युनिफॉर्म, तीच बेल, मग आपण कोण हे शोधायला मुलांकडे उरतंच काय, हे दोन दिवसच ना. (मैत्रिणींसारखेच शूज हवेत हा हट्ट पण असतो, आधी ग्रुपमध्ये मिसळायचं मग वेगळं व्हायचं, या वयात असंच चालतं.)

युनोच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम ३१ मध्ये आराम, खेळ आणि कलेत भाग घ्यायचा हक्क स्पष्ट लिहिलाय. तरी रविवारी सकाळी एक्स्ट्रा क्लास, वर टेस्ट. शाळा आणि क्लासवाल्यांनी निदान रविवार मोकळा सोडावा, एवढी विनंती कृपया छापा.

एक पालक