नायक बिघडतो तो पायरीपायरीने

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मालिकांमधला नायक हल्ली शनिवारी सज्जन असतो आणि सोमवारी खलनायक. मधल्या रविवारी बदलते ते पार्श्वसंगीत आणि डोळ्यांतले काजळ! हा बदल पचेल असा कसा लिहायचा, हे पाहायला शेक्सपिअरचा मॅकबेथ, म्हणजे राजाला मारून गादी बळकावणारा स्कॉटलंडचा सेनानी, अजूनही हाताशी ठेवावा. शिरवाडकरांनी केलेल्या ‘राजमुकुट’ या रूपांतरामुळे तो आपल्या रंगभूमीला परकाही नाही.

मॅकबेथ रंगमंचावर येण्याआधी त्याचा पराक्रम ऐकू येतो. बंडखोराला त्याने बेंबीपासून जबड्यापर्यंत उभा चिरलेला असतो आणि हे ऐकून राजा डंकन त्याची वाहवा करतो. पुढे ज्या हाताने डंकन मरणार, त्याच हाताचे हे कौतुक. नायकात नवा दुर्गुण घुसडावा लागत नाही. आहे त्याच गुणाचे तोंड फिरवायचे असते. आपल्याकडे मात्र लहानपणीच्या अपमानाचा एक फ्लॅशबॅक चिकटवला की काम भागले.

आता तीन हत्या पाहा. डंकनच्या वेळी मॅकबेथ मनाशी हिशेब मांडतो: राजा आपला आप्त, आपण त्याचे चाकर, शिवाय आज तो आपल्याच घरी पाहुणा. बायकोला तो ‘आता पुढे जायचे नाही’ असेही सांगून टाकतो. शेवटी सुरा स्वतःच चालवतो, पण पहारेकऱ्यांजवळ ठेवायचे खंजीर गोंधळात हातात तसेच घेऊन बाहेर येतो. ते ठेवायला परत जाण्याची छाती होत नाही. बायकोला जावे लागते. मग सोबतीचा सेनानी बँको. त्याच्या वेळी हात भाडोत्री. तरी मारेकऱ्यांचे कान भरायला त्याला बरेच बोलावे लागते, आणि तेवढ्यावर विश्वास नाही म्हणून ऐनवेळी तिसरा मारेकरी पाठवला जातो. बायकोला मात्र मुद्दाम अंधारात ठेवलेले. विरोधात गेलेला सरदार मॅकडफ इंग्लंडला पळाल्याचे कळते, तेव्हा त्याच्या बायकापोरांना मारायचा निर्णय चार ओळींत होतो. त्यातून राजकीय लाभ शून्य. बायकोशी सल्लामसलत तर दूरच, ती त्या प्रसंगात दिसतही नाही.

विचाराला लागणारा वेळ आटत जातो आणि विश्वासातली माणसे एकेक करून गळतात. घसरण मोजायच्या पट्ट्या या दोनच. आणखी एक हिकमत आहे. डंकनचा खून पडद्याआड होतो, म्हणून प्रेक्षक मॅकबेथला सोडत नाही. मॅकडफच्या मुलाला मात्र डोळ्यांदेखत भोसकतात. तिथे सहानुभूतीची दोरी तुटते, आणि ती तिथेच तुटावी असा लेखकाचा बेत आहे. मालिकांत हाच क्रम उलटा लागतो: पहिल्याच गुन्ह्याचा क्लोजअप, मग त्या माणसासाठी हळहळणार कोण?

शेक्सपिअरने ज्या बखरीवरून कथा घेतली, त्या हॉलिनशेडच्या बखरीत मॅकबेथ सुमारे दहा वर्षे नीट राज्य करतो आणि बँको कटात सामील असतो. शेक्सपिअरने ती दहा वर्षे उडवली आणि बँकोला निर्दोष केले. (त्या काळी इंग्लंडच्या गादीवर असलेला राजा जेम्स स्वतःला बँकोचा वंशज मानत असे, तेव्हा मर्जीही राखली गेली.) पण लाभ नाटकाचा झाला: चेटकिणी दोघांनाही राज्याचे भविष्य सांगतात, ते ऐकून एकजण थांबतो आणि दुसरा थांबत नाही, हे शेजारी शेजारी दिसते. नायक बिघडवायचा असेल, तर त्याच मोहात पडूनही न घसरणारा असा एक माणूस जवळ उभा करावा लागतो. आपल्या मालिकांत तो बहुधा नसतोच.

‘मॅकबेथ’ ही शेक्सपिअरची सर्वांत आटोपशीर शोकांतिका. हे सगळे जेमतेम अडीच तासांत बसते. शेकडो भाग हाती असलेल्यांनी वेळ पुरला नाही, अशी सबब सांगू नये.

– एक नाट्यअभ्यासक, सांगली