तुलूझहून, फोरेच्या रेक्विएमबद्दल

तुलूझ, नोव्हेंबर अखेर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

मागच्या फोनवर तू विचारलंस, "चर्चमध्ये जाऊन गातोस म्हणजे नेमकं काय गातोस?" दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून हे पत्र. कार्यक्रम परवाच्या रविवारी झाला. अजून डोक्यात तेच सुर आहेत, तेवढ्यात लिहून टाकतो.

इथे नोव्हेंबर हा गेलेल्या माणसांचा महिना. पहिल्या-दुसऱ्या तारखेला लोक स्मशानभूमीत जाऊन थडग्यांवर शेवंतीच्या कुंड्या ठेवतात, आणि मग गावोगावी रेक्विएमचे, म्हणजे मृतांसाठीच्या मिस्सेच्या संगीताचे कार्यक्रम लागतात. आमचा वृंद हौशी आहे. फ्रान्सच्या 1901 च्या संस्था-कायद्याखाली नोंदलेली संस्था, वर्षाची वर्गणी, आठवड्यातून एक तालीम. निवड-चाचणी नाही. माझ्या एका बाजूला निवृत्त पोस्टमन, दुसऱ्या बाजूला औषधांच्या दुकानातला तरुण. चर्चला नियमाने जाणारे त्यात फार थोडे. पण लॅटिन शब्दांचा अर्थ आमच्या संचालिका बाई प्रत्येकाकडून ओळ न् ओळ वदवून घेतात. अर्थ माहीत नसेल तर त्या तोंड उघडू देत नाहीत, आणि हे मला फार पटतं.

आता गाब्रिएल फोरेबद्दल. रविवारी आम्ही गायलो ते रेक्विएम या संगीतकाराचं. हा माणूस इथलाच. तुलूझहून दक्षिणेला डोंगराकडे जाणारी गाडी पकडलीस की पामिए लागतं, तिथे 1845 मध्ये तो जन्मला. त्याच गाडीने थोडं पुढे फ्वा हे गाव. तिथल्या शिक्षकांच्या शाळेवर वडील मुख्य म्हणून आले आणि शाळेच्या आवारातल्या चॅपेलमध्ये या पोराला सापडली हार्मोनियम. हाताची नव्हे, पायाने भाता मारायची. तुमच्या माडीवर काकांची आहे ना, नाटक कंपनीतून आलेली पायपेटी, तिच्याच जातीची. हे वाद्य 1840 च्या सुमारास पॅरिसमध्ये घडलं, तिथून आपल्याकडे आलं, आणि आपल्या नाटकवाल्यांनी ते असं आपलंसं केलं की ते परकं आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. फोरे तासन् तास त्या चॅपेलात बसायचा. नऊ वर्षांचा असताना वडिलांनी त्याला पॅरिसच्या निदरमायर संगीतशाळेत घातलं. ती शाळा चर्चसाठी ऑर्गनवादक आणि गायकवृंदाचे प्रमुख तयार करायची. चर्चमधल्या जुन्या, एकाच सुरावटीच्या ग्रेगोरियन गायनाचे संस्कार त्याच्यावर तिथे झाले, म्हणून त्याच्या सुरावटी ऐकताना आपल्या कानाला ओळखीचं काहीतरी लागतं. त्या सरळ पाश्चात्त्य मेजर-मायनर स्वरसप्तकांच्या चौकटीत बसत नाहीत, मध्येच एखाद्या थाटासारख्या वळतात.

रेक्विएम पहिल्यांदा गायलं गेलं 16 जानेवारी 1888 रोजी, पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये, एका वास्तुविशारदाच्या अंत्यविधीला. फोरे तिथे गायकवृंद सांभाळायचा. वडील 1885 मध्ये गेले होते, आई 1887 च्या अखेरच्या दिवशी. तरी हे कुणा एकासाठी लिहिलेलं नाही, असं तो पुढे सांगायचा. त्याने काय वगळलं ते बघ. या मिस्सेत 'दिएस इरे' नावाचा लांबलचक भाग असतो: क्रोधाचा दिवस, न्यायनिवाडा, थरकाप. बर्लियोझ आणि वेर्दी या संगीतकारांनी आपापल्या रेक्विएममध्ये तिथे पितळी वाद्यांचा आणि ढोलांचा कडकडाट केला. फोरेने तो भागच घेतला नाही. त्याच्या शेवटच्या दोन ओळी, 'पिए येसू' म्हणजे 'दयाळू येशू', तेवढ्या ठेवल्या आणि एका कोवळ्या आवाजाला दिल्या. पुढे 'लिबेरा मे' ('मला सोडव') या भागात तो क्रोधाचा दिवस क्षणभर डोकावतो आणि निघून जातो. मूळ वाद्यमेळही तसाच गडद आणि मऊ: व्हायोला, चेलो, हार्प, ऑर्गन. व्हायोलिन 'सांक्टुस' या भागात येतं ते एकटंच. मला तर वाटतं, मरणाची भीती घालून माणसाला काही मिळत नाही हे या माणसाला कळलं होतं. 1924 मध्ये तो गेला तेव्हा त्याच मादलेनमध्ये हेच गायलं गेलं.

तालमीतली एक गंमत तुलाच कळेल. आपला सा सरकतो. पेटीची कुठलीही पट्टी घे, काळी दोन घे, पांढरी चार घे, तिथे सा. इथे 'डो' म्हणजे पांढरी एक, कायमची. रेक्विएमची सुरुवात पांढरी दोनवर होते. माझा कान तिथे ठाण मांडून सा म्हणतो आणि सगळे म्हणतात 'रे'. शेवटी मी कागदावरची नावं बाजूला ठेवून मनातल्या मनात आपल्या सरगमने पाठांतर केलं. ते पक्कं बसलं.

पहिल्याच भागात, सगळ्या वृंदाच्या जड, खालच्या आवाजानंतर, टेनरना, म्हणजे पुरुषांतल्या वरच्या आवाजांना, एकट्यांना मोठी सुरावट आहे: 'त्यांना चिरविश्रांती दे.' आम्ही मोजकेच टेनर. ती हळू गायची, पण विझू द्यायची नाही. शेजारच्या दोघांनी एकाच ठिकाणी श्वास घ्यायचा नाही, म्हणून प्रत्येकाच्या प्रतीवर पेन्सिलीने वेगवेगळ्या जागी खुणा. ऐकणाऱ्याला वाटावं, हा आवाज श्वासच घेत नाही. भजनी मंडळात आपण एकमेकांना जोर देत वर चढतो. इथे उलट, शेजाऱ्याचा आवाज ऐकू येईनासा झाला की तू मोठा झालास असं समजायचं. माझ्या मते मोठ्याने गाण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे. काका गेल्यानंतर ती ओळ मी पहिल्यांदाच रविवारी लोकांसमोर गायली. त्यांचंच नाव मनात धरून गायली, एवढं तुला सांगायचं होतं.

कार्यक्रमाची सुरुवात फोरेच्याच 'कांतीक द झां रासीन'ने केली. शाळेतल्या शेवटच्या वर्षी, विशीच्या आत त्याने ती रचली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. आधी बास, म्हणजे पुरुषांतले खालचे आवाज, उचलतात, मग टेनर, मग बायकांतले खालचे आल्टो आणि वरचे सोप्रानो. एकेक पट्टी उघडत जाते. मधे बायकांनी विसाव्या शतकातल्या पुलांक या फ्रेंच संगीतकाराची 'लितानी', म्हणजे मेरीची आळवणी, गायली. पुलांकचा एक संगीतकार मित्र 1936 मध्ये हंगेरीत मोटार अपघातात गेला. त्या धक्क्यातच पुलांक रोकामादूरला गेला. कड्याला चिकटून वसलेलं तीर्थक्षेत्र ते, वर काळ्या लाकडाची मेरी. पूर्वी यात्रेकरू तिथल्या पायऱ्या गुडघ्यांवर चढत. परतल्यावर आठवड्याभरात त्याने ही रचना पुरी केली. ती फोरेसारखी सांत्वन करत नाही, मधेच ऑर्गन अंगावर येतो. गाणाऱ्या बायकांपैकी एकीला काय झालं कोण जाणे, शेवटी ती रडत होती आणि तरी सुरात होती.

चर्च गुलाबी विटांचं, आत गारठा, आम्ही सगळे काळ्या कपड्यांच्या आतून स्वेटर चढवलेले. तिकीट नव्हतं. दाराशी टोपली, ज्याला जे द्यायचं ते द्यावं.

आता तुझ्यासाठी काम. रेक्विएमच्या 'आग्नुस देई' या भागाच्या मधोमध एक जागा आहे, तिच्यासाठी मी अख्खं रेक्विएम पुन्हा गायला तयार आहे. सगळे थांबतात, सोप्रानो 'लुक्स', म्हणजे प्रकाश, या शब्दावर एकच सूर धरतात: पांढरी एक. तो सूर हलत नाही, पण खालची जमीन बदलते. काकांच्या पायपेटीवर बस. पांढरी एक, तीन आणि पाच एकदम दाब. मग तीन आणि पाच सोडून एकवरचं बोट फक्त धरून ठेव. भाता बंद करू नकोस. आता त्याच एकला काळी दोन आणि काळी चार जोड. सूर तोच, पण तो दुसऱ्याच घरात गेलेला असतो. दोन-चारदा कर, सावकाश. तुला काय वाटलं ते कळव, आणि काकूंनाही ऐकव, त्यांचा कान आपल्या दोघांपेक्षा चांगला आहे.

रेकॉर्डिंग हाती आलं की पाठवतो. उन्हाळ्यात यायचं नक्की कर, फ्वाला नेतो. पायपेटीच्या भात्याची शिवण उसवली होती, ती शिवून घेतलीस का?

तुझा,
श्रीकांत