खुर्चीआधी गुडघ्याचं माप घेणाऱ्या मिस्तरींना

मिस्तरीदादा,

सप्रेम नमस्कार. आम्ही फिजिओथेरपिस्ट मंडळी. गुडघेदुखीवर गोळ्या सुचवणारे पुष्कळ भेटतात. खुर्चीला लाकूड कापण्याआधी आजीबाईंच्या टाचेपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत टेप लावणारे, यावल तालुक्यात आम्हाला तुम्हीच दिसलात. म्हणून हे जाहीर आभार.

त्या मापात तुम्ही 2 इंच वाढवता. बहुतेक बायकांची बैठक मग 17-18 इंचांवर येते आणि तेच बरोबर आहे. बैठक जितकी खाली, तितका उठताना गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीचा दाब वाढतो. दोन्ही बाजूंना हात दिलेत, त्यामुळे थोडा भार खांद्यांवर जातो.

विशेष आभार पुढच्या दोन पायांमधली आडवी पट्टी काढून मागे टाकल्याबद्दल. ती पट्टी पुढे असली की पावलं खुर्चीखाली घेता येत नाहीत आणि माणूस झोका घेऊन उठतो. आता पावलं मागे ओढायची, कंबरेतून पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांवर आलं की उठायचं. गुडघे आत झुकू द्यायचे नाहीत.

उन्हाळ्यात आपल्याकडे घरोघरी बिबड्या, कुरडया, पापड. सणाला खापरावर मांडे. सगळं जमिनीवर, तासन्‌तास. मांडी घालणं मुळात वाईट नाही, गुडघा धड असेल तर जरूर बसावं. दुखऱ्या गुडघ्याने उकिडवं बसून राहणं मात्र महागात पडतं. तुमच्या पाटाऐवजी टेबलावर पापड लाटले आणि अर्ध्या तासाने उठून अंगणात चक्कर मारली, तरी पुष्कळ फरक पडतो. निंदणीलाही हेच: ओळ संपेपर्यंत रेटू नये, मध्ये उभं राहावं.

शौचालयातल्या दांड्याबद्दलही आभार. लोक टॉवेलची दांडी धरून उठतात. ती कपड्यांचं वजन पेलते, माणसाचं नाही, आणि प्लास्टरसकट निघून येते. तुम्ही सव्वा इंची पाईप विटेत खोल अँकर बोल्ट घालून बसवता.

खुर्ची पोचवायला जाल तेव्हा एवढं सांगत चला. पाठ टेकून बसायचं, एक पाय सरळ करायचा, पंजा स्वतःकडे ओढायचा, 10 आकडे मोजायचे, सावकाश खाली आणायचा. दोन्ही पायांनी 10-10 वेळा, सकाळ-संध्याकाळ. आकडे मोठ्याने मोजावेत, म्हणजे श्वास रोखला जात नाही. पाय धाडकन सोडू नये, कारण हळू उतरवतानाही मांडीचा स्नायू काम करतो, आणि गुडघ्याला सांभाळतो तो हाच.

‘झिजेल’ म्हणून चालणं सोडणाऱ्यांना तर आवर्जून सांगा. कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत गादीला, रक्तवाहिन्या नसतात. ती दाबली-सुटली तरच सांध्यातल्या वंगणातून तिला पोषण मिळतं. वजन जास्त असेल तर 1 किलो उतरल्यावर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी कमी होतो. गुडघा सुजला, गरम लागला, अडकला किंवा अचानक लटका पडला, तर मात्र व्यायाम नाही, आधी डॉक्टर.

आता राहिली बाज. सुंभ सैल पडलं की मधे खड्डा होतो आणि पहाटे, सांधे आखडलेले असताना, माणसाला त्यातून वर यावं लागतं. सुंभ आवळून, पायांखाली ठोकळे देऊन तिची उंचीही खुर्चीएवढी करता येईल का, तेवढं बघा. ठोकळ्याला खाच हवी, नाहीतर पाय घसरेल. मापं आम्ही लिहून पाठवतो.

आपले स्नेहांकित,
जळगाव जिल्ह्यातील काही फिजिओथेरपिस्ट