ब्रिटनच्या बातम्यांमधले शब्द जरा नीट छापा ना

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार. मी गेली बारा वर्षं इंग्लंडमध्ये राहते, इथंच नोकरी करते आणि रोज सकाळी ट्रेनमध्ये बसलं की आधी तुमचा ई-पेपर उघडते, मग बाकीचं सगळं. पहिल्यांदाच पत्र लिहितेय, लांबलं तर कापा, पण विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो म्हणून लिहितेय. माझी मुलगी आता ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसारख्या वर्गात आहे, विषय गव्हर्नमेंट अँड पॉलिटिक्स, आणि तिच्याबरोबर रात्री बसून तिचे ते शब्दांचे कार्ड पाठ करून घेताना माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं मराठीत इथल्या राजकारणाच्या बातम्या वाचून माझ्या डोक्यात कितीतरी गोष्टी चुकीच्या बसल्यात. सगळा दोष तुमचा नाही, बहुतेक सगळ्याच मराठी पेपरात आणि पोर्टलवर तेच चालतं. पण मी तुमची वाचक म्हणून तुम्हालाच सांगणार.

सगळ्यात आधी 'गृहसचिव'. इथं होम सेक्रेटरी म्हणजे गृहमंत्री हो, निवडून आलेला राजकारणी माणूस. सेक्रेटरी म्हटलं की आपण सचिव लिहून मोकळे होतो आणि मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर फाइल घेऊन बसलेला मोठा अधिकारी येतो. इथं तसा अधिकारीही असतो, त्याला परमनंट सेक्रेटरी म्हणतात, सरकार बदललं तरी तो खुर्चीवर राहतो. आणि खातं सांभाळणारा मंत्री तो सेक्रेटरी ऑफ स्टेट. आता एका शब्दाने काय बिघडतं असं वाटेल, तर २०१८ च्या एप्रिलमधलं उदाहरण बघा. विंडरशचं प्रकरण पेटलं होतं, कॅरिबियनमधून लहानपणी कायदेशीर आलेल्या, आयुष्यभर इथं राहिलेल्या लोकांना कागद नाहीत म्हणून त्रास दिला गेला, काहींना तर देशाबाहेर काढलं. त्यात तेव्हाच्या गृहमंत्री अँबर रड यांनी राजीनामा दिला, कारण लोकांना देशाबाहेर काढायची टार्गेट्स आहेत का यावर खासदारांच्या समितीला आपल्याकडून चुकीची माहिती गेली हे त्यांनी मान्य केलं. याला म्हणतात मिनिस्टेरियल रिस्पॉन्सिबिलिटी, खात्याने जे केलं त्याचं उत्तर संसदेत मंत्र्याने द्यायचं आणि संसदेची दिशाभूल झाली तर खुर्ची सोडायची. तिथं तुम्ही 'गृहसचिवांचा राजीनामा' छापलं की एक अधिकारी गेला एवढंच वाचकाला कळतं, आणि त्या बातमीचा जो जीव आहे तोच निघून जातो.

चॅन्सेलरचंही तसंच. नुसतं 'ब्रिटनच्या चॅन्सेलर' लिहिलं तर काहींना जर्मनी आठवतं, तिथं चॅन्सेलर म्हणजे सरकारचा प्रमुख, आणि काहींना विद्यापीठाचे कुलपती आठवतात. इथं चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर म्हणजे सरळ अर्थमंत्री, ११ डाउनिंग स्ट्रीटवाले. मग अर्थमंत्रीच लिहा ना.

आता 'व्हिप'. हा शब्द मला स्वतःला नीट कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला. २०२४ च्या जुलैमध्ये सत्ताधारी लेबर पक्षाच्या सात खासदारांनी आपल्याच सरकारविरुद्ध मत दिलं आणि त्यांचा व्हिप सहा महिन्यांसाठी काढून घेतला, तेव्हा मी मराठीत वाचलं की सात जणांना प्रतोदपदावरून काढलं. मी म्हटलं एवढे प्रतोद कुठून आले! मुलीने सांगितलं की आई, व्हिपचे तीन अर्थ आहेत. एक तर तो माणूस, म्हणजे आपला प्रतोद, जो खासदारांना मतदानाला हाकत आणतो, शब्दच मुळात शिकारीतला आहे, कुत्र्यांचा कळप एकत्र ठेवणाऱ्या माणसाचा. दुसरा अर्थ म्हणजे दर आठवड्याला खासदारांना येणारा कागद, त्यात कुठल्या मतदानाखाली किती रेघा मारल्यात त्यावरून ते किती महत्त्वाचं ते कळतं, तीन रेघा असल्या की थ्री-लाइन व्हिप, म्हणजे यायचंच आणि पक्ष सांगेल तसंच मत द्यायचं. आणि तिसरा अर्थ म्हणजे संसदेतल्या त्या पक्षाच्या गटात असणं. व्हिप काढून घेतला म्हणजे खासदाराला गटाबाहेर काढलं, तो अपक्ष म्हणून बसणार, पण त्याची खासदारकी जात नाही. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ब्रेक्झिटच्या भांडणात काँझर्वेटिव्ह पक्षाने एका झटक्यात २१ खासदारांचा व्हिप काढला, त्यात दोन माजी अर्थमंत्री होते आणि चर्चिल यांचे नातूही होते. एकाचीही खासदारकी गेली नाही. इथं पक्षांतरबंदी कायदा नाही, खासदार या बाकावरून त्या बाकावर गेला तरी पोटनिवडणूक लागत नाही, खुद्द चर्चिल १९०४ मध्ये काँझर्वेटिव्ह सोडून लिबरलमध्ये गेले आणि नंतर परतही आले. हे चांगलं की वाईट ते वेगळं, मला स्वतःला पटत नाही, पण बातमीत 'प्रतोदपद' आलं की यातलं काहीच वाचकाला कळत नाही.

आणि ते वाक्य, 'ब्रिटनला लिखित राज्यघटना नाही'. शंभर वेळा वाचलंय. लिखित नाही असं नाही हो, एका पुस्तकात बांधलेली नाही. १६८९ चं बिल ऑफ राइट्स आहे, १७०१ चा राजगादीचा कायदा आहे, १९११ आणि १९४९ चे पार्लमेंट अ‍ॅक्ट आहेत, १९९८ चा मानवाधिकार कायदा आहे, हे सगळं छापील कागदावरच आहे. त्याच्या जोडीला कोर्टाचे निकाल, आणि मग कन्व्हेन्शन. कन्व्हेन्शनला कोणी अधिवेशन लिहितं, कोणी परिषद लिहितं, आणि आपल्याकडे 'संकेत' हा इतका सुंदर शब्द पडून आहे. संकेत म्हणजे कायद्यात नाही, मोडला तर कोर्ट शिक्षा देणार नाही, पण सगळे पाळतात. पंतप्रधान हाऊस ऑफ कॉमन्सचाच, म्हणजे निवडून आलेल्या खासदारांच्या सभागृहाचाच सदस्य असावा हे कुठल्याही कायद्यात नाही. १९६३ मध्ये लॉर्ड होम पंतप्रधान झाले, ते लॉर्ड्समध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात होते, तर त्यांनी आपला सरदारकीचा किताब सोडला आणि स्कॉटलंडमधून पोटनिवडणूक लढवली, मधले काही दिवस देशाचा पंतप्रधान दोन्हीपैकी एकाही सभागृहात नव्हता. निव्वळ संकेतासाठी एवढं सगळं. राजाच्या सहीचंही तेच, कॉमन्स आणि लॉर्ड्सने पास केलेल्या विधेयकाला संमती नाकारल्याची शेवटची वेळ १७०८ ची, राणी अ‍ॅनची. म्हणून 'राजाने कायद्याला मंजुरी दिली' अशी मोठी हेडलाइन आली की मला वाटतं, अहो ते होणारच होतं, बातमी त्याच्या आधी घडून गेली.

राज्यघटना अशी विखुरलेली असल्यामुळंच शब्द चुकला की इथं फार मोठी गडबड होते, कारण बघायला जायचं म्हटलं तर एक पुस्तक नाही, त्या शब्दांमध्येच सगळं साठवलेलं आहे. २०१९ च्या प्रोरोगेशनचं घ्या. बोरिस जॉन्सन यांनी राणीला सल्ला देऊन संसद पाच आठवड्यांसाठी बंद केली आणि मराठीत 'संसद बरखास्त' असं आलं. बरखास्त म्हणजे डिझोल्यूशन, ते झालं की सगळ्या खासदारांच्या जागा रिकाम्या होतात आणि निवडणूक लागते. प्रोरोगेशन म्हणजे फक्त सत्र संपवणं. सुप्रीम कोर्टाच्या ११ न्यायाधीशांनी २४ सप्टेंबरला एकमताने सांगितलं की तो सल्ला बेकायदेशीर होता, म्हणून प्रोरोगेशन झालंच नाही असं समजायचं, आणि दुसऱ्याच दिवशी संसद भरली. खरंच बरखास्त झाली असती तर दुसऱ्या दिवशी येऊन बसायला खासदारच उरले नसते!

याच निकालावर नंतर 'कोर्ट संसदेपेक्षा मोठं' असंही वाचलं. उलट आहे. कोर्टाने सरकारला अडवलं ते संसदेला काम करता यावं म्हणून. इथं संसदीय सार्वभौमत्व आहे, म्हणजे संसदेने केलेला कायदा सुप्रीम कोर्ट रद्द करू शकत नाही. मानवाधिकारांशी जुळत नसेल तर 'हा कायदा विसंगत आहे' एवढं जाहीर करता येतं, पुढं काय करायचं ते संसदच ठरवणार, तोपर्यंत कायदा चालूच. हे सुप्रीम कोर्ट तरी कधीचं, २००९ चं, त्याआधी शेवटचं अपील लॉर्ड्समधले लॉ लॉर्ड्सच, म्हणजे तिथं बसणारे न्यायाधीशच ऐकायचे.

लॉर्ड्स म्हणजे राज्यसभा नाही हे पण एकदा कुणीतरी ठळक छापा. तिथं निवडून कोणी येत नाही आणि अडवायची ताकदही फार नाही, पैशाचं विधेयक एक महिना आणि बाकीची बहुतेक साधारण एक वर्ष लांबवता येतात, बस. शिवाय जे जाहीरनाम्यात होतं त्याच्या आड यायचं नाही असाही एक संकेत आहे, सॉल्झबरी कन्व्हेन्शन. आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला पाठवायच्या विधेयकाच्या वेळी, २०२४ चा एप्रिल, 'लॉर्ड्सने विधेयक फेटाळलं' असं वाचून आमच्या ग्रुपवर किती लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. फेटाळलं नव्हतं, दुरुस्त्या करून परत पाठवलं होतं, कॉमन्सने त्या काढल्या, लॉर्ड्सने परत घातल्या, याला इथं पिंग पाँगच म्हणतात, आणि त्याच महिन्यात तो कायदा झालासुद्धा.

मतांचं गणित मात्र थोडं थांबून सांगायला हवं. २०२४ च्या निवडणुकीत लेबरला ४११ जागा मिळाल्या ६५० पैकी, आणि 'जनतेचा प्रचंड कौल' असं सगळीकडे आलं. मतं किती, ३३.७ टक्के. रिफॉर्म यूकेला १४.३ टक्के मतं आणि जागा पाच. लिबरल डेमोक्रॅट्सना त्याच्याहून कमी, १२.२ टक्के, आणि जागा ७२, कारण त्यांची मतं ठराविक मतदारसंघात एकवटलेली होती. फर्स्ट पास्ट द पोस्ट असंच असतं, मतदारसंघात जो पुढं तो जिंकला, बाकीच्या मतांमुळं कुणाला जागा मिळत नाही. पद्धत बदलायची का हे २०११ ला जनमत घेऊन विचारलं होतं, लोकांनी दोन तृतीयांशाहून जास्त मतांनी नाही म्हटलं. कौल हा शब्द छापताना टक्के आणि जागा दोन्ही एका ओळीत द्या एवढंच माझं म्हणणं. तसंच २०१७ ला थेरेसा मे यांचं सरकार डीयूपी या उत्तर आयर्लंडमधल्या पक्षाच्या १० खासदारांवर टिकलं होतं त्याला युती सरकार म्हणत राहिले लोक, युती नव्हती ती, डीयूपीचा एकही मंत्री नव्हता, विश्वासदर्शक ठराव, बजेट अशा ठरलेल्या मतदानांत पाठिंबा द्यायचा एवढाच करार. युती २०१० ची, काँझर्वेटिव्हचे कॅमरून आणि लिबरल डेमोक्रॅट्सचे क्लेग यांची.

विरोधी पक्षाच्या शॅडो कॅबिनेटला 'छाया मंत्रिमंडळ' हा शब्द मात्र काय छान बसलाय. म्हणजे आपल्याला जमतं.

आणि 'ब्रिटन सरकारचा निर्णय' लिहिताना तो नक्की कुणासाठी आहे ते बघा. शिक्षण, आरोग्य ही खाती स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंडमध्ये तिथल्या सरकारांकडे आहेत, इंग्लंडला मात्र वेगळी संसदच नाही. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाने इंग्लंडच्या शाळांबद्दलचा नियम मराठीत 'ब्रिटनमध्ये' असा वाचला आणि एडिनबरामध्ये राहून महिनाभर उगाच घोर लावून घेतला.

आता जे मला खरंच टोचतं ते सांगते. २०१७ आणि २०१९, दोन्ही निवडणुकांत मी मत दिलं नाही. देता आलं असतं. मी तेव्हाही भारतीय पासपोर्टवर होते, आजही आहे, आणि कुठल्यातरी मराठी लेखात 'फक्त ब्रिटिश नागरिकांना मतदानाचा हक्क' असं वाचून मी गप्प बसले, कधी चौकशीसुद्धा केली नाही. इथं कायद्यात क्वालिफाइंग कॉमनवेल्थ सिटिझन नावाची गोष्ट आहे. भारत कॉमनवेल्थमध्ये, म्हणजे राष्ट्रकुलात आहे, म्हणून जो भारतीय नागरिक १८ वर्षांचा आहे, कायदेशीर व्हिसावर इथं राहतो आणि ज्याने मतदार यादीत नाव नोंदवलंय तो संसदेच्या निवडणुकीतही मत देऊ शकतो. विद्यार्थीसुद्धा. फोटो ओळखपत्र लागतं आणि त्यासाठी आपला भारतीय पासपोर्ट चालतो. हे मला माझ्या मुलीच्या त्या कार्डावरून कळलं, कौन्सिलच्या वेबसाइटवर जाऊन दहा मिनिटांत फॉर्म भरला आणि ४ जुलै २०२४ ला आयुष्यात पहिल्यांदा इथं मत दिलं, बाहेर येऊन रडू आलं मला. ज्या संसदेत माझ्या व्हिसाचे नियम ठरतात, तिथं कोण बसणार यात माझा वाटा होता आणि बारापैकी कितीतरी वर्षं मला ते माहीतच नव्हतं. आमच्या मराठी मंडळात विचारलं तर निम्म्याहून जास्त लोकांना अजून माहीत नाही.

म्हणून विनंती एवढीच, ब्रिटनची बातमी असेल तेव्हा शेजारी दोन-तीन ओळींची चौकट टाका, आज आलेला शब्द आणि त्याचा इथला अर्थ. प्रोरोगेशन, व्हिप, कन्व्हेन्शन, जो असेल तो. मूळ शब्द देवनागरीत तसाच ठेवलात तरी चालेल, फक्त चुकीचा मराठी शब्द त्याच्या जागी नको. आणि इथल्या निवडणुका जवळ आल्या की नाव नोंदवायची शेवटची तारीख आणि कॉमनवेल्थवाली ती ओळ नक्की छापा, तुमचा पेपर इथं किती घरांत वाचतात याचा तुम्हाला अंदाज नसेल. मुलीने आणि मी मिळून आत्तापर्यंत ४० शब्दांचे अर्थ सोप्या मराठीत लिहून काढलेत, तिच्या शिक्षिकेने इंग्रजी बाजू तपासून दिलीय. तुम्हाला हवे असतील तर याच ईमेलवर कळवा, लगेच पाठवते, मानधन वगैरे काही नको.

आपली नियमित वाचक,
एक मराठी आई, इंग्लंड