धामणगावचे ‘घामणगाव’

मा. संपादक,

महिनाभरापासून आपल्या अंकाच्या आतल्या पानांवर नवा, जाडसर टाइप आला आहे. दिसतो भरदार, पण रविवारी आमच्या घरी ‘घामणगाव रेल्वे’ असे वाचले गेले. (मे महिन्यात ते फार चुकीचेही नाही म्हणा.) भिंग लावून पाहिले तर अक्षर ‘ध’च होते, वर डावीकडची फट तेवढी शाईने बुजली होती.

ध-घ आणि भ-म यांचा सगळा भेद त्या फटीत आहे. ध आणि भ यांच्या डोक्यावरची रेघ डावीकडे तुटते, घ आणि म यांची सलग जाते. घाटंजी तालुक्यात मी सेवा केंद्र चालवतो, त्यामुळे हा घोळ रोजचाच. मागे एक काकू झेरॉक्सची झेरॉक्स घेऊन आल्या. आडनाव भोयर, पण तशाच कागदावरून कुणी तरी नोंद करताना ‘मोयर’ केलेले. “भाऊ, हे मोयर कोन व्हय?” असे त्यांनीच मला विचारले. आधारशी नाव जुळेना. दुरुस्तीसाठी तालुक्याला तीन चकरा, त्याही ऐन तुरीच्या सोंगणीत.

इंग्रजी ओ आणि शून्य यांचेही असेच होते, पण तिथे नियम हाताशी असतो. बँकेच्या आयएफएससी कोडच्या ११ जागांपैकी पाचवी शून्याचीच; पॅनमध्ये आधी ५ अक्षरे, मग ४ आकडे. आडनावाला कुठला नियम लावणार?

माझे मामा वर्ध्याला छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवायचे. शिशाच्या खिळ्यांत प्रत्येक मापाचे अक्षर वेगळे कोरलेले असे, म्हणून बारीक टाइपात फटी मोकळ्या ठेवता येत. आता बहुतेकदा एकच आकृती हवी तशी लहानमोठी करतात. अक्षराला हात लावायचाच नाही असेही नाही. ‘ख’चा ‘रव’ वाचला जाई, म्हणून त्याचे खालचे टोक पुढच्या भागाला जोडून घेतलेच ना?

टाइप बदला असे म्हणत नाही. फक्त धामणगाव, घाटंजी, भोयर, मोहोड हे चार शब्द तुमच्याच कागदावर, त्याच मापात छापून एखाद्या आजोबांना वाचायला द्या. बाजारभावाच्या तक्त्यातले १ आणि ९ सुद्धा बघा. ७१०० चा भाव ७९०० वाचून कापसाची गाडी भरलेला माणूस आमच्याच गावात आहे.

– एक सेवा केंद्रचालक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ