नदीचे मूळ आता विचारायला हवे

मा. संपादक महोदय,

सांडपाणी शुद्ध करून पिण्यासाठी वापरण्याचा विषय आमच्या सोलापुरात निघाला की पहिला उद्गार ठरलेला असतो: ‘शी! गटाराचे पाणी कोण पिणार?’ या किळसेला मी अडाणीपणा म्हणणार नाही. पिण्याच्या पाण्याचा माठ वेगळा ठेवायचा, त्यात खरकटा हात घालायचा नाही, हे आपल्या घरांतले वळण पटकी-विषमज्वराच्या काळात अनेकांचे प्राण वाचवून गेले असेल. माझे म्हणणे एवढेच आहे की, नव्या पाण्याला नाक मुरडण्यापूर्वी आज आपल्या माठात कोणते पाणी आहे हे एकदा पाहावे.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी, त्यातले बरेचसे पुरेशी प्रक्रिया न होताच, मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनी धरणात येते. उजनीतून ते जलवाहिनीने आम्हाला मिळते, शिवाय नदीत सोडलेले पाणी टाकळीजवळ उचलून शहराला दिले जात आले आहे. वाटेत पंढरपुरी हीच भीमा चंद्रभागा होते आणि वारकरी तिचे तीर्थ श्रद्धेने ओठाला लावतात. त्या श्रद्धेविषयी मला आदरच आहे. परंतु कित्येक लाख माणसांनी एकदा वापरलेले पाणी आपण वर्षानुवर्षे पीत आहोत, ही वस्तुस्थिती त्यामुळे बदलत नाही. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात, आणि पाण्याच्या बाबतीत आपण ते फारच मनावर घेतले आहे. 2024 साली जानेवारीतच उजनीचा उपयुक्त साठा संपला आणि पुढचा सारा उन्हाळा मृत साठ्यावर काढावा लागला. धरणात पाणी जितके कमी, तितके वरून येणाऱ्या सांडपाण्याचे प्रमाण अधिक, हे समजायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही. उन्हाळ्यात त्या पाण्यावर येणारी हिरवी साय आणि त्याचा दर्प धरणाकाठच्या गावांनी अनुभवलेला आहे.

ऑस्ट्रेलियातील टूवूम्बा या शहराचा अनुभव या संदर्भात मला महत्त्वाचा वाटतो. सततच्या अवर्षणाने तिथली धरणे आटत चालली असताना, शुद्ध केलेले सांडपाणी पिण्याच्या पुरवठ्यात मिसळावे की नाही यावर 29 जुलै 2006 रोजी सार्वमत झाले आणि सुमारे 62 टक्के मतदारांनी नकार दिला. विरोधकांनी शहराच्या नावाचे विष्ठेवरून विडंबन केले आणि तेच लोकांच्या तोंडी बसले. पुढे त्या शहराला डोंगराखालच्या वायव्हनहो धरणातून जलवाहिनी टाकून पाणी वर चढवावे लागले. तिथले लोक अविचारी होते, असे मात्र मला वाटत नाही. घसा कोरडा पडलेला असताना, काही महिन्यांच्या प्रचाराच्या धुरळ्यात त्यांना इतका नाजूक प्रश्न विचारला गेला.

नामिबियाच्या विंडहुक शहरात बारमाही नदी शेकडो किलोमीटर दूर आहे. तिथे 1968 पासून शुद्ध केलेले सांडपाणी थेट पिण्याच्या पुरवठ्यात जाते. सिंगापूरने 2003 मध्ये ‘न्यूवॉटर’ सुरू केले तेव्हा आधी त्याच्या बाटल्या लोकांच्या हातात दिल्या, पंतप्रधानांनी ते सर्वांसमक्ष प्यायले आणि नागरिकांना, शाळेच्या मुलांना आत येऊन पाहता यावे म्हणून प्रदर्शन केंद्र उघडले. सूक्ष्म गाळणी, मग उलट परासरणाचा (घरच्या ‘आरओ’सारखा) पडदा आणि शेवटी अतिनील किरण, या तीन पायऱ्या मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या. हेही सांगितले पाहिजे की, त्यातले बहुतेक पाणी कारखान्यांना जाते आणि थोडेच जलाशयांत मिसळले जाते. म्हणजे सिंगापूरनेही सारा भार एकदम पिण्याच्या पाण्यावर टाकलेला नाही. आपल्याकडे नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते, ते याच वाटेवरचे पाऊल आहे.

खरी अडचण विश्वासाची आहे. ‘पाणी पिण्यायोग्य आहे’ हे वाक्य आपण आयुष्यभर ऐकत आलो, पण त्यामागचे आकडे सामान्य माणसाला सहसा दिसत नाहीत. अशा स्थितीत उद्या कोणी कितीही उत्तम यंत्रणा उभारली तरी लोक म्हणणार की, आहेत ती प्रक्रिया केंद्रे आधी पूर्ण क्षमतेने चालवून दाखवा. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि पुनर्वापराची बाजू घेणाऱ्या माझ्यासारख्यांनी ते आधी मान्य केले पाहिजे. यंत्रणेला वीज लागते, पडदे बदलावे लागतात, मागे उरलेल्या खारट पाण्याची विल्हेवाट लावावी लागते. यात एका ठिकाणी जरी हयगय झाली तरी लोकांची किळस खरी ठरेल.

म्हणून माझी मागणी आजच्या पाण्यापासून सुरू होते. उजनीत येणाऱ्या पाण्याची आणि आमच्या नळातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी पालिकेशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेकडून व्हावी आणि जंतू, नायट्रेट, जड धातू यांचे आकडे दर आठवड्याला मराठीत, प्रत्येक विभागीय कार्यालयाच्या फलकावर आणि आपल्यासारख्या वृत्तपत्रांत छापले जावेत. हे दोन-तीन वर्षे सलग घडले, आणि त्यात वाईट आकडेही लपवले गेले नाहीत, तर पुनर्वापराचा प्रश्न लोकांपुढे ठेवावा. तोही धरण भरलेले असताना, दिवाळीच्या सुमारास, टँकरच्या रांगेत उभे असताना नव्हे.

आपली नम्र,
एक वाचक, सोलापूर